खातं स्वच्छ, तरी बँक हात आखडते: नियम आणि धक्के लिमिटपर्यंत कसे पोचतात?

(प्रश्नोत्तरांची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

नफातोटा

मध्यम आकाराच्या उद्योगांच्या बाबतीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. उद्योगाचं काही बिघडलेलं नसतं. हप्ते तारखेला, विक्री स्थिर, तारण पुरेसं. तरी नियामकानं एखादा नियम कडक केला किंवा अर्थव्यवस्थेला कुठून तरी धक्का बसला, की रिन्यूअलच्या (वार्षिक नूतनीकरणाच्या) वेळी बँक खेळत्या भांडवलाची लिमिट, म्हणजे रोजच्या धंद्यासाठी उचलता येणाऱ्या कर्जाची कमाल रक्कम, कापते, व्याज पाव-अर्धा टक्का चढवते, नाहीतर 'वरून मंजुरी आलेली नाही' एवढं सांगून फाइल बाजूला ठेवते.

हे नेमकं कुठल्या वाटेनं घडतं? नियम कागदावर बदलतो तिथपासून एखाद्या कारखान्याची लिमिट कमी होते तिथपर्यंत मधे काय काय होतं? आणि धक्का बसायच्या आधी कर्जदारानं काय करून ठेवावं? 'बँकेशी संबंध चांगले ठेवा' छापाचे सल्ले नकोत. आकडे घेऊन समजावलंत तर बरं.

तारण

मधली मुख्य कडी म्हणजे बँकेचं भांडवल गुणोत्तर. वर बँकेचं स्वतःचं भांडवल, खाली रिस्क वेट लावून मोजलेली मालमत्ता, म्हणजे मुख्यतः दिलेली कर्जं (रिस्क वेट म्हणजे कर्ज जितकं जोखमीचं तितका जास्त टक्का धरणं). बाझल ३ या आंतरराष्ट्रीय बँक-नियमांत किमान सीईटी-१ (भागधारकांचं सर्वांत भक्कम भांडवल) ४.५ टक्के आणि एकूण भांडवल ८ टक्के. त्यावर २.५ टक्क्यांचा बफर, म्हणजे व्यवहारात ७ आणि १०.५. बफरमध्ये हात घातला म्हणून बँक बंद पडत नाही, पण लाभांश आणि बोनस वाटण्यावर मर्यादा येतात. शेअर बाजाराला ही बातमी अजिबात आवडत नाही, त्यामुळे कुठलीच बँक त्या रेषेजवळ जायला राजी नसते. वर थोडी जागा ठेवून चालतात. आपण धरू की बँकेचं अंतर्गत लक्ष्य १२ टक्के आहे.

भांडवल १२, रिस्क वेट लावलेली मालमत्ता १००. कर्जं बुडून १ चा तोटा झाला. भांडवल उरलं ११. गुणोत्तर पुन्हा १२ टक्क्यांवर आणायचं तर मालमत्ता ११ भागिले ०.१२, म्हणजे ९१.७ वर यायला हवी. एका रुपयाच्या तोट्यानं सव्वाआठ रुपयांची कर्जं आकसली. तोटा काहीच झाला नाही, पण नियामकाच्या सांगण्यावरून लक्ष्य १२ चं १३ झालं, तरी उत्तर ९२.३ येतं, म्हणजे जवळजवळ तेवढंच. दोन्ही एकदम घडलं तर ८४.६. धक्का आणि कडक नियम हातात हात घालून आले की एवढं का दुखतं ते या भागाकारात आहे.

'मग बँकेनं नवे शेअर विकून भांडवल आणावं' हे बोलायला सोपं. धक्क्याच्या काळात बँकेचा शेअर पडलेला असतो आणि त्या भावात हिस्सा पातळ करून घ्यायला जुने भागधारक तयार नसतात. म्हणून खालचा आकडा कापला जातो. ऑक्टोबर २०११ मध्ये युरोपियन बँकिंग अथॉरिटीनं मोठ्या बँकांना जून २०१२ पर्यंत ९ टक्के कोअर टियर-१ (सीईटी-१ सारखंच भक्कम भांडवल) गाठायला सांगितलं. नंतरच्या अभ्यासात दिसलं की बँकांनी गुणोत्तर वाढवलं खरं, पण ते मुख्यतः मालमत्ता कमी करून, भांडवल आणून नव्हे. तेव्हापासून मला वाटतं, नियामकानं टक्केवारीऐवजी 'इतक्या रकमेचं नवं भांडवल आणा' असं सांगावं. पळवाट तिथेच बंद होते.

आता कापायचं कुणाचं? बुडीत कर्ज कापता येत नाही, त्या कर्जदाराकडे परत द्यायला पैसेच नसतात. पाच वर्षांचं मुदत कर्ज करारात अडकलेलं असतं. हाती लागतं ते बारा महिन्यांनी रिन्यूअलला येणारं खेळतं भांडवल, आणि तेही ज्याच्याकडून पैसे खरोखर परत येतील अशा कर्जदाराचं. 'खातं स्वच्छ असून माझीच लिमिट का?' याचं उत्तर बरेचदा 'स्वच्छ आहे म्हणूनच' असं असतं.

दुसरी चाळणी रिस्क वेटची. बाझलच्या २०१७ मध्ये पक्क्या झालेल्या प्रमाणित पद्धतीत कंपन्यांना एएए ते एए-उणे रेटिंगला २० टक्के, ए गटाला ५०, बीबीबी गटाला ७५, रेटिंग नसेल तर १००, बीबी-उणेच्या खाली १५०. वार्षिक विक्री ५ कोटी युरोपर्यंत असलेला, रेटिंग नसलेला उद्योग ८५ मध्ये बसतो. त्याहून लहान, एका बँकेकडे एकूण १० लाख युरोच्या आतलं कर्ज असेल आणि बाकीच्या अटी जुळल्या, तर ७५. स्वतःच्या चलनातले सरकारी रोखे बहुतेक देशांत शून्य. म्हणजे भांडवल टंचाईत रेटिंग नसलेल्या कंपनीचं १०० चं कर्ज परत घेऊन ते पैसे सरकारी रोख्यात टाकले, की खालचा आकडा थेट १०० नं उतरतो आणि ताळेबंद मात्र तेवढाच दिसतो. युरोपीय संघानं हे ओळखून २०१४ पासून लहान उद्योगांच्या कर्जाला ०.७६१९ चा गुणक दिला. हा विचित्र आकडा आला कुठून, तर ८ भागिले १०.५. नव्या बफरचा बोजा लहान उद्योगांपुरता बरोब्बर काढून टाकला.

रोखप्रवाह

तारण यांच्याशी सहमत, पण ही गोष्ट अर्धीच आहे. २००८ आणि २०२० चे धक्के बँकांच्या दारात पहिल्यांदा आले ते भांडवलातून नव्हे, रोखीतून.

मंजूर पण न वापरलेली लिमिट म्हणजे बँकेनं लिहून दिलेलं वचन. धक्का बसला की कंपन्यांचे सगळे खजिनदार एकाच आठवड्यात ते वचन वटवायला येतात, गरज असो वा नसो. २००८ मध्ये लेहमन ही मोठी गुंतवणूक बँक बुडाल्यावर अमेरिकेत हेच झालं. २००८ च्या चौथ्या तिमाहीत मोठ्या कर्जदारांना दिलेली नवी कर्जं आधीच्या तिमाहीपेक्षा ४७ टक्क्यांनी कमी झाली, पण त्याच सुमारास बँकांच्या ताळेबंदावरची उद्योगांची कर्जं फुगली, कारण कंपन्या जुन्या लिमिट उपसत होत्या. एकूण कर्जवाढीचा आकडा बघून 'बँका कर्ज देताहेत की!' म्हणणारे तेव्हाही फसले. मार्च २०२० मध्ये तोच खेळ पुन्हा झाला. मोठ्या कंपन्यांनी पैसे उचलले आणि लहानांच्या वाट्याला फारसं काही आलं नाही.

या भीतीपोटी आलेला नियम म्हणजे एलसीआर (लिक्विडिटी कव्हरेज रेशो, तरलता गुणोत्तर). तीस दिवसांच्या ताणात जेवढा पैसा बाहेर जाईल, निदान तेवढी पटकन विकता येणारी चांगली मालमत्ता बँकेकडे हवी. बाहेर जाणारा पैसा ठरीव दरांनी मोजतात आणि हे दर कर्जदारांनीही माहीत करून घ्यावेत. न वापरलेली वचनबद्ध (बँकेला मर्जीनं मागे घेता न येणारी) कर्ज-लिमिट: लहान उद्योगाला ५ टक्के, मोठ्या बिगर-वित्तीय कंपनीला १० टक्के. ती 'तरलता सुविधा' या प्रकारात मोडली, म्हणजे बाजारातलं कंपनीचं दुसरं कर्ज फेडता आलं नाही तर वापरायची असेल, तर ३० टक्के. कंपन्यांच्या ठेवींमध्ये रोजचे पगार, वसुली, देणी ज्या खात्यातून फिरतात त्यातल्या पैशाला २५ टक्के, आणि जास्त व्याजासाठी नुसत्या येऊन पडलेल्या, विम्याचं कवच नसलेल्या ठेवीला ४० टक्के.

म्हणजे तुमच्या १०० च्या व्यवहारखात्यातल्या शिलकीपोटी बँकेला २५ राखावे लागतात, नुसत्या पडलेल्या ठेवीपोटी ४०. म्हणूनच बँक 'तुमचा सगळा व्यवहार आमच्याकडे आणा' म्हणून मागे लागते. रिन्यूअलच्या वाटाघाटीत हे हत्यार तुमच्या हातातलं आहे, फुकट देऊ नका.

धक्का रोखीतून उद्योगापर्यंत पोचतो याचा सर्वांत स्वच्छ पुरावा पाकिस्तानातला आहे. मे १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर सरकारनं डॉलर ठेवी गोठवल्या. ज्या बँकांकडे अशा ठेवी जास्त त्यांची रोख जास्त आटली. अभ्यासकांनी एकाच कंपनीची दोन वेगळ्या बँकांतली कर्जं ताडून पाहिली. कंपनी तीच, तिची कर्जाची गरजही तीच, तरी जास्त फटका बसलेल्या बँकेनं कर्ज जास्त कापलं. बँकेची तरलता १ टक्क्यानं घटली की तिचं कर्ज साधारण ०.६ टक्क्यानं घटत होतं. खरी मेख पुढे आहे. मोठ्या कंपन्यांनी ती तूट दुसऱ्या बँकांकडून भरून काढली, लहान कंपन्यांना ते जमलं नाही.

व्याजदराचा धक्काही इथूनच येतो. दर चढले की जुन्या रोख्यांचे भाव पडतात. 'मुदतीपर्यंत ठेवू' म्हणून नोंदवलेल्या रोख्यांचा तोटा पुस्तकात दिसत नाही, ठेवीदार दाराशी येईपर्यंत. सिलिकॉन व्हॅली बँकेतून ९ मार्च २०२३ या एका दिवसात ४२ अब्ज डॉलर गेले आणि दुसऱ्या दिवशी बँक बंद झाली. तिच्या कर्जदारांच्या धंद्यात त्या दिवशी काहीही बदललं नव्हतं.

खडूफळा

वरचे दोन्ही प्रतिसाद वाचून असं वाटेल की सगळा दोष बँकेच्या बाजूचा. जरा थांबा. मंदीत कर्ज घटतं तेव्हा बराच भाग मागणीचा असतो. विस्तार पुढे ढकलला जातो, माल कमी भरला जातो, कर्ज मागायलाच कोणी येत नाही. बँकेनं आखडलं की उद्योगानं मागितलं नाही, हे एकूण आकड्यांवरून कळतच नाही. म्हणून तर रोखप्रवाह यांनी सांगितलेली 'एक कंपनी, दोन बँका' ही तुलना एवढी मोलाची. सामान्य वाचकासाठी मध्यवर्ती बँकांची कर्ज-सर्वेक्षणं बघणं सोपं. अमेरिकी फेडरल रिझर्व्ह आणि युरोपियन सेंट्रल बँक दर तिमाहीला कर्ज अधिकाऱ्यांना निकष आणि मागणी यांबद्दल वेगवेगळे प्रश्न विचारतात आणि उत्तरं खुली प्रसिद्ध करतात. निकष कडक झाल्याची नोंद तिथे आधी दिसते, कर्जाच्या आकड्यात नंतर.

दुसरं, नियम सैल सोडले की कर्ज चांगल्या उद्योगाला मिळतं हा समज काढून टाका. जपानमध्ये १९९० च्या दशकात मालमत्तेचे भाव कोसळल्यावर बँकांचं भांडवल पोखरलं गेलं होतं. तोटा मान्य केला असता तर गुणोत्तर मोडलं असतं. म्हणून त्यांनी फेडू न शकणाऱ्या कंपन्यांनाच नवी कर्जं देऊन जुनी कर्जं जिवंत दाखवली. त्या मढ्यांना तगवण्यात गेलेला पैसा धडधाकट उद्योगांच्या वाट्याचा होता, आणि शिवाय अशा कंपन्या भाव पाडून त्यांच्याशीच स्पर्धा करत राहिल्या. कमकुवत भांडवलाची बँक दोन तऱ्हांनी नुकसान करते. चांगल्याचं कापते आणि वाईटाचं वाढवते.

नियमांचा खरा दोष कडकपणात नसून ते धक्क्याच्याच दिशेनं ढकलतात यात आहे. ज्या बँका स्वतःच्या मॉडेलनं रिस्क वेट काढतात तिथे कर्जदाराची बुडण्याची शक्यता वाढली की वेट आपोआप चढतं. बाझल २ च्या परिशिष्टातलं उदाहरण घ्या. बुडाल्यावरचं नुकसान ४५ टक्के, मुदत अडीच वर्षं. बुडण्याची शक्यता १ टक्का असेल तर वेट सुमारे ९२, तीच ३ टक्के झाली की सुमारे १२८. कर्ज तेवढंच, पण त्याला लागणारं भांडवल जवळजवळ चाळीस टक्क्यांनी वाढलं, आणि तेही ऐन मंदीत.

यावर उतारा म्हणून प्रतिचक्रीय बफर आला, सामान्यतः ० ते २.५ टक्के. चांगल्या काळात भरायचा, वाईट काळात मोकळा करायचा. स्वित्झर्लंडनं २०१३ मध्ये तो फक्त घरकर्जांपुरता लावला. बँक ऑफ इंग्लंडनं ११ मार्च २०२० ला तो १ टक्क्यावरून शून्यावर आणला. स्पेननं तर २००० पासूनच चांगल्या वर्षांत जादा तरतूद सक्तीची केली होती. पुढच्या संकटात ज्या बँकांकडे ती गंगाजळी जास्त होती त्यांनी उद्योगांची कर्जं कमी कापली. बफर रिकामाच असेल तर मोकळं करायला काही नसतं, हे उघडच आहे, तरी चांगल्या वर्षांत तो भरायला राजकीय विरोध होतोच.

आणि गळती. ब्रिटनमध्ये १९९८ ते २००७ या काळात नियामक प्रत्येक बँकेचं किमान भांडवल वेगळं ठरवत असे. त्या आकड्यांच्या अभ्यासात दिसलं की गरज वाढवलेल्या बँकांनी कर्ज कापलं, पण त्यातला सुमारे एक तृतीयांश भाग परदेशी बँकांच्या शाखांनी भरून काढला, कारण त्यांना हा नियम लागू नव्हता. आज बिगर-बँक कर्जसंस्था तीच जागा भरतात. कर्जदाराला सोय होते, पण त्या संस्थांनाही पैसा बँकांकडूनच येतो. मोठा धक्का बसला की दोन्ही नळ एकदम बंद.

नफातोटा

धन्यवाद, चित्र बरंच स्पष्ट झालं. 'स्वच्छ आहे म्हणूनच' हे पटलं आणि टोचलंही. आता प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे. उद्योगानं स्वतःच्या बाजूनं कुठले आकडे बघावे? आणि बँकेला नेमकं काय विचारलं की कळेल, अडचण आपली आहे की त्यांची?

मुद्दल

आधी स्वतःचे आकडे. धक्क्यात लिमिट दोन ठिकाणी तुटते, ड्रॉइंग पॉवर आणि परतफेड क्षमता. दोन्हींचं गणित आधी करून ठेवता येतं.

ड्रॉइंग पॉवर, म्हणजे माल आणि येण्यांच्या आधारे प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम. समजा माल ६०, पुरवठादारांचं देणं २०, येणी (गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे) ८०, मार्जिन (ज्यावर बँक कर्ज देत नाही तो भाग) २५ टक्के, आणि ९० दिवसांवरची येणी धरत नाहीत. मालातून देणी वजा करून ४०, त्याचे ७५ टक्के ३०. येण्यांचे ७५ टक्के ६०. एकूण ९०, लिमिटही ९०. आता धक्का बसला. गिऱ्हाईकं पैसे थकवतात, ८० पैकी ३० ची येणी ९० दिवसांच्या पुढे गेली. उरली ५०, त्याचे ३७.५. माल विकला न गेल्यानं ७० झाला, पुरवठादार उधारी आखडतात म्हणून देणी १० वर आली. मालाकडून ६० चे ७५ टक्के, म्हणजे ४५. एकूण ८२.५.

बघा काय झालं. धंद्यात अडकलेला पैसा १२० होता (६० अधिक ८० उणे २०), तो १४० झाला. गरज २० नं वाढली आणि उपलब्ध पैसा ७.५ नं घटला. २७.५ चा खड्डा, आणि बँकेनं यात एकही निर्णय घेतलेला नाही! करारातल्या सूत्रानंच तो पाडला. उपाय धक्क्याच्या आधीच करायचा: मंजुरीच्या वेळी ९० ऐवजी १२० दिवसांपर्यंतची येणी धरून घ्या, निदान तुमच्या सर्वांत खात्रीच्या चार-पाच गिऱ्हाइकांपुरती तरी. व्यवसाय चांगला चाललेला असताना बँक हे देते, नंतर मागितलंत तर तेच अशक्तपणाचं लक्षण ठरतं.

परतफेड क्षमता. व्याज, कर, घसारा यांच्या आधीची कमाई १००, कर्ज ४००, व्याज ७.५ टक्क्यांनी ३०, वर्षाची मुद्दल ४०. १०० भागिले ७०, म्हणजे १.४३. करारातली अट १.२५ ची धरू. नुसतं व्याज २ टक्के चढलं तर ३० चे ३८ होतात, गुणोत्तर १.२८, कसंबसं तरतं. नुसती कमाई २५ टक्के घटली तर १.०७, अट मोडली. दोन्ही झालं तर ०.९६, म्हणजे हप्ता खिशातून भरावा लागेल. हे तीन आकडे प्रत्येक उद्योगाकडे तयार असायला हवेत. अट मोडणार हे दोन तिमाही आधी दिसलं तर सवलत मागता येते. मोडल्यावर मागितली तर शुल्क, जादा व्याज आणि जादा तारण, तिन्ही द्यावं लागतं.

आता बँकेच्या बाजूचं. आयएफआरएस ९ लागू असलेल्या देशांत (हे आंतरराष्ट्रीय हिशेब-मानक जानेवारी २०१८ पासूनचं) कर्ज बुडायच्या कितीतरी आधी बँकेला दुखायला लागतं. कर्ज टप्पा १ मध्ये असेल तर फक्त पुढच्या बारा महिन्यांच्या अपेक्षित तोट्याची तरतूद. जोखीम लक्षणीय वाढली की टप्पा २, आणि तिथे संपूर्ण मुदतीची तरतूद. १००० चं चार वर्षांचं कर्ज, बुडण्याची शक्यता वर्षाला १ टक्का, नुकसान ४० टक्के: तरतूद ४. तेच टप्पा २ मध्ये, शक्यता वर्षाला ३ टक्के: चार वर्षांची मिळून ११.५ टक्के, तरतूद सुमारे ४६. (सोपं करण्यासाठी रक्कम स्थिर धरली आहे, सवलत दर लावलेला नाही.) हप्ता एकही चुकलेला नाही आणि तरतूद अकरा पटींच्या वर. हा फरक बँकेच्या नफ्यातून जातो, नफा भांडवलात जातो, आणि तिथून पुढे तारण यांचा भागाकार सुरू.

३० दिवसांची थकबाकी झाली की कर्ज टप्पा २ मध्ये गेलं असं गृहीत धरतात. उलट सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर. ९० दिवसांना थकीत. म्हणून रोख अपुरी असेल तर पुरवठादाराला दहा दिवस थांबवा, बँकेचा हप्ता २९ व्या दिवसावर नेऊ नका. पुनर्रचना मागायचीच असेल तर पहिला हप्ता चुकायच्या आधी मागा. अडचणीमुळे दिलेल्या सवलतीचा शिक्का बसला तर बाझलच्या मार्गदर्शनानुसार तो निघायला निदान एक वर्षाचा नियमित भरणा लागतो, आणि तोवर दुसरी बँकही दार उघडत नाही.

बँकेला विचारायचं ते थेट आणि लेखी. आमचं अंतर्गत रेटिंग बदललं का, आणि कुठल्या निकषावर? आमच्या उद्योगक्षेत्राची तुमची कमाल मर्यादा भरली आहे का? आमच्या समूहाला द्यायच्या कर्जाची कमाल मर्यादा? कर्ज टप्पा २ मध्ये किंवा निगराणी यादीत आहे का? हेच कर्ज अर्ध्या वचनबद्ध आणि अर्ध्या रद्द करता येणाऱ्या लिमिटमध्ये दिलं तर चालेल का? शेवटच्या प्रश्नाला 'हो, चालेल' आलं तर अडचण बहुधा त्यांच्या भांडवलाची किंवा तरलतेची. पहिल्याला ठोस उत्तर आलं तर अडचण तुमची. सगळ्यांना गोलमोल उत्तरं आली तर बँकेचे गेल्या चार तिमाहींचे निकाल काढून भांडवल गुणोत्तर, एलसीआर आणि तरतुदी बघा. बँकांना ते प्रसिद्ध करावेच लागतात, आणि अर्ध्या तासाचं काम आहे.

तारण

मुद्दल यांच्या शेवटच्या प्रश्नामागचं गणित. न वापरलेल्या १०० च्या वचनबद्ध लिमिटला बाझलमध्ये ४० टक्के रूपांतर गुणक आहे (म्हणजे तेवढा भाग दिलेल्या कर्जासारखा मोजतात), बँकेला विनाअट केव्हाही रद्द करता येणारी असेल तर १० टक्के. वेट १०० आणि लक्ष्य १२ धरलं तर पहिल्या प्रकाराला ४.८ भांडवल लागतं, दुसऱ्याला १.२. बँकांची नमुना कागदपत्रं दुसऱ्या प्रकाराकडे का झुकतात ते यावरून कळेल. मंजुरीपत्रात 'बँकेच्या मर्जीनुसार केव्हाही, पूर्वसूचनेशिवाय' असे शब्द असतील तर ती तुमच्या आपत्कालीन पैशात धरू नका. धक्क्याच्या दिवशी ती शून्य आहे. वचनबद्ध लिमिटवर न वापरलेल्या रकमेचं शुल्क भरावं लागतं, ते विम्याच्या हप्त्यासारखं समजा.

व्याज का चढतं तेही याच गणितात. भागधारकांना करानंतर १४ टक्के परतावा हवा, कर २५ टक्के, म्हणजे करापूर्वी १८.६७. ठेवी ५ टक्क्यांनी. भांडवलातल्या प्रत्येक रुपयाचा जादा खर्च १३.६७ टक्के. वेट १०० असेल तर १०० च्या कर्जात १२ भांडवल, जादा खर्च १.६४ टक्के. वेट ७५ असेल तर १.२३. १५० झालं तर २.४६. म्हणजे १०० वेटची, रेटिंग नसलेली कंपनी बीबीबी रेटिंग घेऊन आली तर बँकेचा खर्च सुमारे ०.४ टक्क्यानं घटतो. तो सगळा तुम्हाला मिळणार नाही, पण रेटिंगचं शुल्क या बचतीच्या आत बसतं का ते कर्जाच्या आकारावरून काढून बघा. एकच सावधगिरी: काही देशांच्या नियामकांनी बाह्य रेटिंगचा वापर काढूनच टाकला आहे, तिथे हा फायदा नाही.

उधारवही

दोन बँका ठेवाव्यात का? एका बाजूला पाकिस्तानचं उदाहरण 'हो' म्हणतं. दुसऱ्या बाजूला, एकाच बँकेला तुमचा सगळा धंदा दिसत असेल तर ती अडचणीत जास्त साथ देते असंही ऐकू येतं.

मुद्दल

दोन्ही खरं आहे, धक्का कुणाला बसला त्यावर अवलंबून. अडचण तुमच्या धंद्यात असेल तर आतून ओळखणारी बँक उपयोगी पडते. अडचण बँकेच्या ताळेबंदात असेल तर तिची ओळख काही कामाची नाही. लेहमननंतर अमेरिकेत दिसलं की ज्या लहान-मध्यम कंपन्यांच्या बँकांना जास्त फटका बसला त्यांना नवं कर्ज कमी मिळालं आणि त्यांनी माणसंही जास्त काढली. आयत्या वेळी बँक बदलणं त्यांना जमलं नाही, कारण नवी बँक ऐन संकटात अनोळखी फाइल घेत नाही.

मध्यम उद्योगासाठी साधारण ७०-३० ची वाटणी मला योग्य वाटते. मुख्य बँकेकडे व्यवहारखाती आणि बहुतेक लिमिट, दुसरीकडे लहान पण वचनबद्ध लिमिट, वर्षातून दोन-तीनदा खरोखर वापरलेली. नुसती पडून राहिलेली लिमिट रिन्यूअलला सर्वांत आधी कापली जाते. दुसरी बँक निवडताना तिची जोखीम वेगळी आहे ना ते बघा. दोन्ही बँका त्याच उद्योगक्षेत्रात रुतलेल्या किंवा दोन्ही घाऊक ठेवींवर जगणाऱ्या असतील तर वाटणीचा उपयोग नाही.

खरी भांडणं कागदपत्रांत होतात. मालावर आणि येण्यांवर दोन्ही बँकांचा समान दर्जाचा बोजा हवा. पहिली बँक सहजी ना-हरकत देत नाही, म्हणून ते मंजुरीच्या आधी मागा, नंतर नव्हे. 'एका ठिकाणी चूक म्हणजे सगळीकडे चूक' हे कलम असेल तर त्याला किमान रकमेची आणि दुरुस्तीसाठी तीस दिवसांची अट घालून घ्या, नाहीतर एका बँकेतला किरकोळ वाद दुसरीकडची लिमिट गोठवतो. समूहातल्या कंपन्या एकमेकींना हमी देत असतील तर मोठ्या कर्जाचा नियम बघा. जोडलेल्या कर्जदारांना मिळून बँकेच्या टियर-१ भांडवलाच्या २५ टक्क्यांपर्यंतच देता येतं. बँक लहान असेल आणि तिचं भांडवल तोट्यानं घटलं असेल, तर तुमचं कर्ज एक पैशानं न वाढताही ही मर्यादा ओलांडली जाते. अशा वेळी कापावं लागणं बँकेच्याही हातात नसतं. तुमचा समूह त्या मर्यादेच्या निम्म्यावर पोचला असेल तर दुसऱ्या बँकेची फाइल याच तिमाहीत सुरू करा. मंजुरी, बोजा नोंदणी आणि ना-हरकत मिळून तीन-चार महिने सहज जातात.